वास्तू एकाची, नाव दुसऱ्याचं: सामान्यज्ञानाच्या जोड्यांत हरवलेली माणसं

कातळखूण (धागाकर्ता)

नगरहून पाथर्डीच्या रस्त्याला लागलं की शाह डोंगरावर एक अष्टकोनी, तीन मजली दगडी इमारत लांबूनच नजरेत भरते. वाटेत कुणालाही विचारा, ‘चांदबीबी महाल’ हेच उत्तर येईल. सहलीच्या पत्रकांत, रिक्षावाल्यांच्या तोंडी, शाळेच्या वह्यांत सगळीकडे तेच नाव. इमारत मात्र चांदबीबीची नाही. ती सलाबतखान दुसरा याची कबर आहे. मुर्तझा निजामशहा पहिला याचा हा वजीर, आणि निजामशाहीच्या कर्तबगार कारभाऱ्यांपैकी एक.

लोकांनी चांदबीबीचं नाव का दिलं असेल, हे समजण्यासारखं आहे. हुसेन निजामशहाची ही मुलगी विजापूरच्या अली आदिलशहाची बेगम झाली. १५८० मध्ये नवरा मारला गेल्यावर नऊ वर्षांच्या इब्राहिम आदिलशहाच्या वतीने तिने विजापूरचा कारभार पाहिला. पुढे माहेरी परतली आणि १५९५-९६ मध्ये अकबराचा मुलगा मुराद नगरच्या किल्ल्याला वेढा घालून बसला, तेव्हा किल्ला तिने लढवला. सुरुंगाने तट फुटला, तो एका रात्रीत पुन्हा उभा केला. शेवटी वऱ्हाड देऊन तह झाला, पण किल्ला हातचा गेला नाही. १६०० मध्ये ती मोगलांना फितूर झाल्याची आवई उठवून तिच्याच माणसांनी तिला मारलं आणि त्यानंतर लवकरच किल्ला पडला. अशा बाईची आठवण लोकांनी उंच डोंगरावर नेऊन ठेवली, यात गैर काही नाही. पण त्यापायी सलाबतखान पुसला गेला.

धागा काढण्याचं कारण हेच. सामान्यज्ञानाच्या पुस्तकांत आपण ‘जोड्या लावा’ करत वाढलो. डावीकडे वास्तू, उजवीकडे राजा, मधे रेघ. एका वास्तूमागे निदान चार माणसं असतात: ती व्हावी असं ठरवणारा, पैसा देणारा, प्रत्यक्ष बांधणारा आणि जिचं नाव शेवटी टिकलं ती व्यक्ती. कधी हे चौघे एकच असतात, बहुतेक वेळा नसतात. आणि खरा इतिहास बहुधा या चौघांच्या मधल्या जागेत असतो, असं माझं ठाम मत आहे.

मला सगळ्यात जास्त बोचतं ते मलिक अंबरचं. हबशाणात (आजच्या इथिओपियात) जन्मलेला, गुलाम म्हणून विकला गेलेला, हातोहात फिरत दख्खनला पोचलेला हा माणूस निजामशाहीचा खरा चालक झाला. त्याने १६१० साली खडकी या गावी शहर वसवलं. तो १६२६ मध्ये वारला तेव्हा त्याचा मुलगा फत्तेखान याने त्याचं फत्तेहनगर केलं. १६५३ मध्ये औरंगजेब दख्खनचा सुभेदार म्हणून आला आणि औरंगाबाद झालं. २०२३ मध्ये छत्रपती संभाजीनगर. चार शतकांत चार नावं, आणि ज्याने शहराची आखणी केली त्याचं एकही नाही.

नाव गेलं, पण पाणी राहिलं. अंबरने डोंगराकडचं पाणी जमिनीखालच्या नहरीने शहरात आणलं, तीच नहर-ए-अंबरी. उतार साधत जाणारी भुयारी वाट, मधे मधे हवेसाठी आणि साफसफाईसाठी मोकळी तोंडं, शेवटी वस्तीत पोचणारे हौद. ना पंप, ना मोट. मोठ्या नदीकाठी नसलेल्या शहराला माणसं कशी धरून राहतील, याचं उत्तर त्याने आधी शोधलं आणि मग शहर वाढलं. लोक पाणचक्कीसमोर फोटो काढतात, पण पाणचक्की त्याच्यानंतर शतकभराने, १७४४ च्या सुमारास तुर्कताझखानाने बाबा शाह मुसाफिर यांच्या दर्ग्यासाठी उभी केलेली. डोंगरातल्या झऱ्याचं पाणी मातीच्या नळांतून आणायचं आणि उंचावरून पाडून जातं फिरवायचं, ही तिची रीत. अंबरने या शहराला पाण्याची जी सवय लावली, तिचंच हे पुढचं पाऊल.

अंबरची कबर खुलताबादला आहे. औरंगजेबाचीही तिथेच. तो १७०७ मध्ये नगरजवळ वारला आणि पुरला खुलताबादला. पहिला निजाम असफजाह बुऱ्हाणपूरला वारला, तोही शेवटी तिथेच आला. एका छोट्या गावात दख्खनचं दीडशे वर्षांचं राजकारण निजलेलं आहे, आणि पुस्तकात खुलताबादसमोर एकच नाव लिहायला जागा असते.

तुम्हाला अशा वास्तू, गावं, माणसं माहीत असतील तर लिहा. ऐकीव आख्यायिका नको, पक्कं माहीत असेल तेच.

गोदाकाठ

उत्तम विषय. नाशिकची भर घालतो.

पंचवटीत गोदेच्या काठी जे देऊळ ‘नारोशंकर’ म्हणून प्रसिद्ध आहे, ते रामेश्वराचं. नारोशंकर हे बांधणाऱ्याचं नाव, नारोशंकर राजेबहादूर. बांधकाम १७४७ चं. म्हणजे इथे तुमच्या नियमाच्या उलट झालं. देव मागे पडला आणि बांधणारा पुढे आला! त्याला कारण घंटा. वसईच्या मोहिमेत चिमाजी अप्पांनी १७३९ मध्ये पोर्तुगीजांकडून किल्ला जिंकला, त्यानंतर तिथल्या चर्चच्या घंटा मराठी मुलखात ठिकठिकाणच्या देवळांत गेल्या. त्यातली एक इथे दर्शनी भिंतीत टांगलेली आहे, तिच्यावर १७२१ साल आहे. गोदेला पूर आला की पाणी दुतोंड्या मारुतीच्या कुठवर आलं हे आधी बघायचं, आणि पूर फारच मोठा असला तर नारोशंकराच्या घंटेला पाणी लागलं का हे विचारायचं, अशी नाशिककरांची पुराची मापं.

अशीच एक घंटा वाईजवळ मेणवलीला, नाना फडणवीसांच्या वाड्यामागच्या घाटावर आहे. तिच्यावर बाळ येशूला घेतलेल्या मेरीची आकृती आहे. शंकराच्या देवळाशी ती घंटा इतकी वर्षं टांगलेली आहे आणि कुणी ती आकृती घासून काढली नाही, ही गोष्ट मला फार मोलाची वाटते.

आता नारोशंकरांबद्दल एक महत्त्वाचं. हा माणूस नाशिकपुरता नाही. झाशीचा मराठी सुभेदार होता तो. झाशीचा मूळ किल्ला ओर्छ्याच्या राजा बीरसिंग देवाने १६१३ मध्ये बांधला. नारोशंकरांनी तो वाढवला, त्या वाढवलेल्या भागाला शंकरगड म्हणतात, आणि शहरही वसतं केलं. राणी लक्ष्मीबाई ज्या तटावरून लढल्या त्याच्या मागे हे दोघे आहेत. ‘झाशी’ समोर लक्ष्मीबाईंचंच नाव यावं, त्याबद्दल वादच नाही. पण त्यांचा जन्म काशीचा आणि मृत्यू जून १८५८ मध्ये ग्वाल्हेरला, हे सांगितलं की अजूनही पुष्कळजण चकित होतात.

अभ्यासिका

मी परीक्षेची तयारी करते आहे म्हणून थेट विचारते. बीबी का मकबरा कोणी बांधला? एका पुस्तकात औरंगजेब, दुसऱ्यात त्याचा मुलगा आझमशहा. दोन्ही पर्याय एकाच प्रश्नात आले तर काय करायचं?

कातळखूण

@अभ्यासिका, परीक्षेपुरतं तुमच्या नेमलेल्या पुस्तकात जे असेल ते धरा. पण इथे थोडी आकडेमोड करून बघा. मकबरा औरंगजेबाची बेगम दिलरास बानू, म्हणजे राबिया-उद-दौरानी, हिचा. ती १६५७ मध्ये वारली. बांधकामाचं साल सर्वसाधारणपणे १६६०-६१ दिलं जातं. आझमशहाचा जन्म १६५३ चा. म्हणजे बांधकामाच्या वेळी तो सात-आठ वर्षांचा पोर. आईच्या कबरीशी मुलाचं नाव जोडलं जाणं स्वाभाविक आहे, आणि पुढे मोठेपणी त्याने तिथे काही काम करवलं असेल तर त्यालाही हरकत नाही. पण सात वर्षांच्या मुलाने ठरवून, पैसा मंजूर करून मकबरा उभारला, हे पटण्यासारखं नाही.

याहून महत्त्वाचं तर दारावरच लिहिलेलं आहे. मुख्य प्रवेशद्वारावरच्या लेखात दोन नावं आहेत: रचनाकार अताउल्ला आणि अभियंता हंसपतराय. अताउल्ला हा ताजमहालाशी ज्याचं नाव जोडलं जातं त्या उस्ताद अहमद लाहोरीचा मुलगा. मकबऱ्याला ताजची नक्कल म्हणून हिणवणाऱ्यांनी हे लक्षात घ्यावं. बापाने आग्र्यात जे केलं तेच मुलगा दख्खनमध्ये करत होता, फक्त हाताशी पैसा फार थोडा होता. खर्चाचा नोंदलेला आकडा ६,६८,२०३ रुपये ७ आणे. म्हणून संगमरवर घुमटाला आणि भिंतींच्या खालच्या भागाला, बाकी काळा दगड आणि त्यावर गिलावा. तो गिलावा जवळून पाहा. त्यातलं नक्षीकाम करणाऱ्यांनी संगमरवराची उणीव ज्या ताकदीने भरून काढली आहे, ते पाहून नक्कल हा शब्द तोंडातून निघणार नाही.

अभ्यासिका

धन्यवाद. आझमशहाच्या जन्मसालाचा मुद्दा कुठल्याच क्लासमध्ये कुणी सांगितला नव्हता.

चिरेबंदी

थोडा विरोधी सूर लावतो. धागाकर्त्यांचा मुद्दा कळतो, पण ठरवणाऱ्याचं श्रेय कमी लेखू नका. कारागीर प्रत्येक काळात असतात, गोलघुमट प्रत्येक काळात होत नाही. मुहम्मद आदिलशहाने गादीवर आल्यापासून आपल्या कबरीचा ध्यास घेतला नसता तर बाहेरून ४४ मीटर व्यासाचा तो घुमट झालाच नसता. १६५६ मध्ये तो वारला आणि काम थांबलं. इमारत आजही पूर्ण सजलेली नाही, बाहेरून बरीचशी उघडीवाघडी आहे. एका माणसाची इच्छा संपली की वास्तूही थांबते, याहून मोठा पुरावा कोणता? नाव त्याचं असणं योग्यच आहे.

रानवाट

@चिरेबंदी, इच्छा सुलतानाची हे मान्य. पण चौकोनी खोलीवर गोल घुमट बसवायचा कसा, हा प्रश्न सुलतानाने सोडवला नाही. आतून आठ कमानी एकमेकींना छेदत वर नेल्या, त्यांच्या छेदांतून चौकोन हळूहळू आवळत आणला आणि घुमटाचा भार त्या कोनांवर घेतला. मधे एकही खांब नाही. इतक्या वजनाचा घुमट बाहेरच्या बाजूला जो रेटा देतो, तो या कमानी आतल्या आत पेलतात. विजापूरच्या गवंड्यांनी हे तंत्र लहान मशिदींवर घोटून घोटून पक्कं केलं होतं, एकाएकी नाही सुचलं. गोलघुमटाच्या रचनाकाराचं नाव याकूत दाभोळी असं सांगितलं जातं. म्हणजे आपल्या कोकणातल्या दाभोळचा. ते बंदर त्या काळी आदिलशाहीचं समुद्राकडचं दार होतं.

लोक वर जाऊन सज्जातला प्रतिध्वनी ऐकतात आणि खाली उतरतात. माझी विनंती आहे, खाली मधोमध उभं राहून मान वर करून त्या आठ कमानी एकेक करून बघा.

आणि विजापूरला गेलात तर इब्राहिम रोजा चुकवू नका. नाव इब्राहिम आदिलशहा दुसरा याचं. पण तिथल्या लेखांत हा रोजा करवून घेणारी म्हणून ताज सुलताना या बेगमेचं नाव आहे आणि काम तडीस नेणारा म्हणून मलिक संदलचं. सुलतान १६२७ मध्ये वारला, तिथे पुरला गेला आणि वास्तू त्याच्या नावावर चढली.

तसंच मुलुख-ए-मैदान तोफेचं. ‘विजापूरची तोफ’ म्हणून आपण ओळखतो. ती १५४९ मध्ये ओतली गेली नगरला, निजामशाहीत. ओतणारा मुहम्मद बिन हुसेन रूमी, त्याचं नाव तोफेवरच आहे. पुढे ती परांड्याच्या किल्ल्यावर गेली आणि १६३२ मध्ये विजापुरात आली. सुमारे ५५ टन वजनाची तोफ त्या काळच्या रस्त्यांवरून बैलांकरवी ओढत नेली! १६८६ मध्ये विजापूर पडल्यावर औरंगजेबाने तिच्यावर आपल्या विजयाचा लेख कोरवला. ओतणारा रूमी, राज्य निजामशहाचं, मिरवली आदिलशहाने, शिक्का मोगलांचा. एकाच तोफेवर दख्खनचं सोळावं-सतरावं शतक वाचता येतं.

चिरेबंदी

कमानींचा मुद्दा मान्य, तोफेचाही. तरी माझं मत कायम: श्रेय वाटून द्या, काढून घेऊ नका.

पायवाट

चर्चा वाचून रायगड आठवला नाही तर नवल. जगदीश्वराच्या देवळाची पायरी सगळ्यांनी पाहिली असेल: ‘सेवेचे ठायी तत्पर हिरोजी’. पुढचं आडनाव कुणी इंदुलकर वाचतात, कुणी इटळकर, त्यावर अभ्यासकांचा वाद आहे. पण माणूस तोच. रायगड राजधानी म्हणून बांधून काढणारा.

पायरीवर नाव घातलं म्हणून हिरोजी किती नम्र, एवढंच आपण सांगतो. मला वाटतं त्याच देवळाच्या भिंतीवरचा मोठा संस्कृत शिलालेखही सोबत वाचायला हवा. त्यात छत्रपतींच्या आज्ञेने गडावर काय काय उभं राहिलं ते सांगितलं आहे: विहिरी, तळी, बागा, रस्ते, राजवाडे. शेवटी चंद्रसूर्य असेपर्यंत हे नांदो, अशी इच्छा. आणि तिथेही हिरोजीचं नाव आहे. म्हणजे १६७४ च्या सुमारास एका बांधकाम करणाऱ्या अधिकाऱ्याचं नाव राजधानीच्या देवळावर दोनदा कोरलं गेलं. महाराजांच्या राज्यात हे होऊ दिलं गेलं, ही मला पायरीच्या नम्रतेइतकीच मोठी गोष्ट वाटते. @चिरेबंदी म्हणतात ते श्रेय वाटून देणं इथे दगडावर दिसतं.

गोदाकाठ

+१. संस्कृत लेखाकडे फार थोडे लोक वळतात.

निंबोणी

पैसा देणाऱ्या माणसाबद्दल अजून कुणी बोललं नाही, म्हणून अहिल्याबाईंबद्दल लिहिते.

चौंडीची ही मुलगी होळकरांच्या घरात आली, १७६७ पासून १७९५ पर्यंत कारभार केला आणि राजधानी ठेवली नर्मदेकाठी महेश्वरला. पुष्कळजण इंदूर म्हणतात, ते चूक. काशी विश्वनाथाचं आजचं देऊळ १७८० चं, त्यांनी बांधलेलं. गयेचं विष्णुपद मंदिर १७८७ चं, त्यांचंच. सोमनाथला जुन्या जागेजवळ १७८३ मध्ये देऊळ. वेरूळच्या घृष्णेश्वराचा जीर्णोद्धार आधी मालोजीराजे भोसल्यांनी केला होता, पुढे होळकरांनी.

काशी, गया, सोमनाथ यातली एकही जागा त्यांच्या राज्यात नव्हती! सगळी दुसऱ्यांच्या सत्तेखाली. सैन्य पाठवून जे झालं नसतं ते त्यांनी खासगीतल्या पैशाने केलं. खासगी म्हणजे होळकर घराण्यातल्या बायकांची स्वतंत्र जहागीर, दौलतीच्या खजिन्याहून वेगळी. राज्याचा वसूल आणि आपला दानधर्म यांचे हिशेब वेगळे ठेवणारी ही बाई होती. म्हणून मला ‘पुण्यश्लोक’ या उपाधीइतकाच त्यांचा हिशेबही महत्त्वाचा वाटतो. काशीच्या देवळाच्या शिखरावरचं सोनं मात्र महाराजा रणजितसिंहांनी दिलेलं, १८३० च्या दशकात. मराठी बाईचं देऊळ आणि शीख राजाचं सोनं, हे दोन्ही सांगितल्याशिवाय ते देऊळ पुरतं सांगून होत नाही.

बोरीबंदर

मुंबईचं थोडक्यात.

राजाबाई टॉवर: राजाबाई ही पैसा देणाऱ्या प्रेमचंद रायचंद यांची आई. आराखडा जॉर्ज गिल्बर्ट स्कॉट यांचा, आणि ते मुंबईत कधी आलेच नाहीत. काम १८७८ मध्ये पुरं झालं.

गेटवे: राजा पंचम जॉर्ज १९११ मध्ये आला त्याच्या स्मरणार्थ. आला तेव्हा वास्तू नव्हतीच, पायाभरणी १९१३ ची आणि उद्घाटन ४ डिसेंबर १९२४ चं. रचना जॉर्ज विटेट यांची. शेवटची ब्रिटिश पलटण २८ फेब्रुवारी १९४८ ला याच कमानीतून बाहेर पडली, त्यामुळे मुंबईकरांना ही वास्तू आल्यापेक्षा गेल्याची म्हणून जास्त जवळची.

बोरीबंदरचं स्टेशन: पुस्तकात एफ. डब्ल्यू. स्टीव्हन्स, १८७८ ते १८८८. बरोबर. पण त्यांच्या हाताखाली सहायक अभियंता रावसाहेब सीताराम खंडेराव होते, आणि दगडातले मोर, माकडं, पानंफुलं यात जे. जे. कलाशाळेच्या विद्यार्थ्यांचा हात आहे. रोज लाखो माणसं त्या खांबांजवळून जातात. या मंडळींची नावं स्टेशनात मोठ्या अक्षरांत लावावीत, असं मला मनापासून वाटतं.

अभ्यासिका

सगळ्यांचे प्रतिसाद वहीत उतरवून घेतले. आता वहीत ‘जोड्या लावा’ ऐवजी चार रकाने केले आहेत: ठरवलं कोणी, पैसा कोणाचा, बांधलं कोणी, आज नाव कोणाचं. रायगड आणि मकबरा पूर्ण भरले. गोलघुमटाचे तीन भरले. सलाबतखानाच्या कबरीचा ‘बांधलं कोणी’ रिकामा आहे.

अजून एक विचारते. असं एखादं गाव आहे का, जिथे संस्थापकाने मुद्दाम स्वतःचं नाव न देता दुसऱ्याचं दिलं?

पंचगंगा

@अभ्यासिका, आहे की. जयसिंगपूर. १९१७ मध्ये राजर्षी शाहू महाराजांनी वसवलं आणि नाव दिलं आपले जन्मदाते वडील जयसिंगराव घाटगे यांचं. कागलच्या घाटग्यांच्या घरातून शाहू कोल्हापूरच्या गादीवर दत्तक गेले होते, त्यामुळे या नावाला वेगळा अर्थ आहे. रेल्वेच्या वाटेवर, व्यापारासाठी, आखून वसवलेली ही पेठ. सरळ काटकोनात जाणारे रस्ते आजही दिसतात.

राधानगरी हे नाव त्यांच्या मुलीचं, राधाबाईंचं. भोगावतीवरच्या धरणाच्या तलावाला शाहूंच्या राणी लक्ष्मीबाईंच्या नावाने लक्ष्मी तलाव म्हणतात. धरणाचं काम शाहूंनी विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात हाती घेतलं. पैशाअभावी ते मधेच अडलं, ६ मे १९२२ रोजी महाराज गेले आणि धरण पूर्ण झालं स्वातंत्र्यानंतर. आज ज्या कोल्हापूर जिल्ह्याला पाण्याचा जिल्हा म्हणतात, त्याचा पाया त्या अपुऱ्या भिंतीत आहे.

तुमच्या रकान्यांत लिहायचं तर: ठरवलं शाहूंनी, पैसा संस्थानचा आणि नंतर सरकारचा, नाव मुलीचं आणि राणीचं. बांधणाऱ्या अभियंत्यांची नावं कोल्हापूरच्या पुराभिलेखागारातल्या संस्थानी दप्तरात शोधावी लागतील. कुणी तिथे जाणार असेल तर मी सोबत यायला तयार आहे.